लाँगआर्म फ्रेमवर रजई चढविताना

अमेरिकेत रूढ झालेल्या लाँगआर्म पद्धतीत अस्तर, भरण व वरचा थर अशी तिपदरी रजई फ्रेमच्या रोलरवर ताणलेली असते आणि शिलाई यंत्र तिच्यावरून फिरते. महिनोन्‌महिने तुकडे जोडून केलेले काम अनेकदा शिलाईत नव्हे, तर रजई चढविताना बिघडते. चुण्या खालच्या बाजूस पडल्या तर त्या उशिरा दिसतात आणि मग उसवण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

या दोषांचे मूळ बहुधा अस्तरात असते. ते वरच्या थरापेक्षा चारही बाजूंनी सुमारे ४ इंच मोठे असावे. कोपरे काटकोनात कापावेत. रोलरच्या कापडी पट्टीचा मध्य व अस्तराचा मध्य जुळवून तेथून दोन्ही टोकांकडे टाचण्या लावाव्यात. अस्तराला जोड असल्यास तो रोलरला समांतर ठेवावा. उभा जोड एकाच जागी गुंडाळला जाऊन तेथे जाडी वाढते आणि बाजूचे कापड सैल पडते.

दुसरी चूक ताणाची. कापड नगाऱ्यासारखे ताणल्यास टाके सुटतात, दोरा तुटतो. खालून बोटाने दाबताच कापड सहज वर उचलले जावे, इतकाच ताण पुरे. बाजूचे चिमटे अस्तर सपाट राहण्यापुरतेच ओढावेत. गुंडाळी जाड होऊन यंत्राला घासू लागल्यास रोलर थोडा उंच करावा.

भरण व वरचा थर न ओढता अलगद पसरावा. रजई पुढे सरकविण्यापूर्वी चिमटे काढावेत आणि खालून हात फिरवून पाहावा. चूक तेथेच सापडली, तर थोडेच उसवावे लागते.