चकाकी आणि स्वच्छता : धातूच्या घासणीचा इतिहास

गोंदिया शहराजवळ नागरा नांवाचें एक गांव आहे. तेथील प्राचीन शिवमंदिरामुळें तें त्या परिसरांत सर्वांस परिचित आहे. शिवालय म्हटलें कीं अभिषेकपात्र, समई, घंटा हीं ओघानेंच आलीं. आणि तीं आलीं कीं त्यांची घासणीहि आली. चिंच, राख आणि नारळाची शेंडी एवढ्या सामग्रीवर आपल्या घरांतील स्त्रियांनीं जें काम पिढ्यान्‌पिढ्या केलें, तेंच काम आज कारखान्यांत विजेवर फिरणारे तारेचे ब्रश करतात. या दोन टोकांमधील वाटचालीविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

नागरा ज्या गोंदिया जिल्ह्यांत आहे, तो १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यांतून वेगळा झाला. भंडारा हें पितळी भांड्यांचें गांव. ‘भाना’ म्हणजे पितळेचें ताट, आणि त्यावरूनच गांवाचें नांव पडलें, अशी समजूत जुन्या सरकारी गॅझेटिअरांत नमूद आहे. पत्र्यावर हातोडा चालविला कीं धातु कठीण होत जातो, म्हणून कारागिराला तो पुनःपुन्हां तापवावा लागतो; आणि तापविला कीं त्यावर काळा थर चढतो. हा थर नुसता घासून लवकर सुटत नाहीं. त्यास आंबट द्रव लागतो. चिंचेचें आम्ल थर विरघळवितें, राख तो खरडते आणि शेंडी राखेला जागच्या जागीं फिरविते. आधुनिक कारखान्यांतील सफाईचीं तत्त्वें या तिहींतच सामावलेलीं आहेत.

याहून सूक्ष्म काम कल्हईवाल्याचें. तांब्यापितळेच्या भांड्यांत आंबट पदार्थ कळकतो, म्हणून आंतून कथलाचा पातळ थर द्यावयाचा. परंतु मळक्या धातूवर कथील बसत नाहीं. यासाठीं मोठ्या हंड्यांत उभा राहून, पायाखालीं वाळू व चिंध्या घेऊन, तो कंबरेंतून उजवीडावीकडे वळत असे. मनुष्यदेहच तेथें फिरता ब्रश होई! नंतर भांडें तापवून त्यांत नवसागर टाकावयाचा; त्यानें उरलेला थर सुटे आणि कथील सर्वत्र सारखें पसरे. येथें लक्षांत घेण्याजोगें हें कीं, ही सारी खटपट चकाकीसाठीं नव्हती; वर येणारा थर पक्का धरावा, एवढ्याचसाठीं होती.

हा झाला घरगुती संसार. पुढें लोखंड आलें, आणि प्रश्नाचें स्वरूप पालटलें. १८८२ सालीं नागपूर-छत्तीसगड रेल्वे राजनांदगांवपर्यंत पोहोंचली. १८८७ सालीं स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीनें ती ताब्यांत घेऊन रुंद केली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं गोंदियाहून जबलपूरकडे अरुंद मार्ग निघाला. रुळांबरोबर पूल आले, वाफेचीं इंजिनें आलीं. इंजिनाच्या नळ्यांत काजळी साचली कीं कोळसा जळूनहि वाफ धरत नाहीं. पुलावर गंज राहिला तर वरचा रंग त्याच्यासह सोलून निघतो. आतां घासावयाचें होतें तें ताट नव्हे; मैलच्या मैल पसरलेलें लोखंड होतें.

हाताच्या बळाला तेथें मर्यादा पडली. १८९५ सालीं जर्मनींतील फाइन यांच्या कारखान्यांत विजेवर चालणारें हातांतलें छिद्रयंत्र तयार झालें, आणि फिरती शक्ति कामगाराच्या मुठींत आली. १९५४ सालीं त्याच देशांत वेगवान कोनी घर्षणयंत्र निघालें. अशा यंत्रांवर तारेचें चक्र बसविलें कीं झाला यांत्रिक ब्रश. दीडशें मिलिमीटर व्यासाचें चक्र मिनिटास तीन हजार फेरे घेऊं लागलें, तर तारेचें टोंक त्या मिनिटांत सुमारें चौदाशें मीटर धांवतें. काम करतें तें हें टोंकच. अननुभवी मनुष्य चक्र जोरानें दाबतो. त्यामुळें तारा वांकतात, टोंकांऐवजी त्यांच्या कुशी घासल्या जातात आणि कामहि मंदावतें. बिनगंजाच्या पोलादावर साध्या पोलादी तारेचा ब्रश फिरविला, तर मागें राहिलेले कण स्वतः गंजतात आणि दोष मात्र भांड्यास येतो.

आणखी एक फसवणूक आहे. तापल्या पोलादाच्या लाटणींत त्यावर निळसर-काळी खपली चढते. फिरता ब्रश ती काढीत नाहीं, उलट तिला झिलई देतो. पाहणाऱ्यास वाटतें, काम उत्तम झालें. आणि थोड्याच काळांत रंग खपलीसकट गळून पडतो. म्हणूनच १९८८ सालच्या आंतरराष्ट्रीय मानकांत हाताची व यंत्राची घासणी एकाच वर्गांत घातली असून, दाबानें कण मारून केलेल्या सफाईस निराळा वर्ग दिला आहे. अर्थात् त्या माऱ्याचेंहि मोल मोजावें लागलें. वाळूची धूळ फुप्फुसांत जाऊन कामगारांना सिलिकोसिस जडूं लागला, तेव्हां ब्रिटननें १९४९ सालीं नियम करून ओतकामाच्या अशा सफाईंत वाळूस बंदी केली. ब्रशाचा धोका वेगळा : तुटलेली तार बाणासारखी सुटते, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच.

शेवटीं एक उदाहरण गोंदियाच्या शेजारचें. बालाघाट जिल्ह्यांत गुंगेरिया येथें १८७० सालीं गुरें राखणाऱ्या मुलांना एक ठेवा सांपडला. त्यांत तांब्याचीं ४२४ हत्यारें व चांदीचे १०२ पातळ पत्रे होते. तांब्याचेंच वजन ८२९ पौंड भरलें. अशा वस्तूंवरचा हिरवट थर अज्ञ मनुष्यास मळ वाटतो. परंतु धारेच्या झिजेच्या व हातोड्याच्या खुणा त्या थराखालीं वा थरांतच जपलेल्या असतात. तारेचा ब्रश एकदां फिरला कीं हत्यार लखलखेल. इतिहास मात्र पुसला जाईल.

आपल्या घरांतील जुन्या हंड्याकळशांवर आजीआजोबांचीं नांवें आणि तिथी कोरलेल्या असतात. बाजारांत आतां हातयंत्रें व चक्रें सहज मिळतात, म्हणून हें सांगणें प्राप्त आहे. लोखंडी दाराचा गंज अवश्य यंत्रानें काढावा आणि लगेच रंग द्यावा. मात्र कोरीव नांवाच्या भांड्यावर चिंचेच्या कोळाहून कठोर असें कांहीं फिरवूं नये. तें अक्षर एकदां झिजलें तर कोणत्याहि यंत्रानें परत येणार नाहीं.