अली नवाज जंग, निजामसागर आणि मांजरेचा गाळ

मराठवाड्यातील विद्यार्थ्याला मांजरा नदी भूगोलाच्या पुस्तकातून माहीत असते. बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरात ती उगम पावते आणि लातूर, बीदरच्या परिसरातून वाहत तेलंगणात जाऊन गोदावरीला मिळते. मात्र याच नदीवर उभ्या असलेल्या निजामसागर धरणाचा आणि ते बांधणाऱ्या अभियंत्याचा परिचय इतिहासाच्या वर्गात क्वचितच होतो.

नवाब अली नवाज जंग बहादूर, मूळ नाव मीर अहमद अली, यांचा जन्म ११ जुलै १८७७ रोजी हैदराबादेत झाला. संस्थानची शिष्यवृत्ती मिळवून ते इंग्लंडमधील कूपर्स हिल येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले आणि १८९९ मध्ये परतून बांधकाम खात्यात रुजू झाले. सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद शहरात हजारोंचे बळी घेतले. त्यानंतर सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या शिफारशींनुसार उस्मानसागर (१९२०) व हिमायतसागर (१९२७) हे जलाशय झाले. या कामांशी अली नवाज जंग यांचा निकटचा संबंध होता. पुढे ते संस्थानचे मुख्य अभियंता झाले.

निजामसागरचे काम १९२३ ते १९३१ या काळात झाले. अच्चमपेट व बंजेपल्ली या गावांदरम्यान सुमारे ३ किलोमीटर लांबीचे दगडी धरण उभे राहिले. अशा धरणाचे तत्त्व सोपे, पण बांधकाम कठोर असते. पाण्याचा रेटा भिंतीने केवळ आपल्या वजनावर पेलायचा असतो. पायाखाली झिरपणारे पाणी भिंतीला वर उचलू पाहते, म्हणून पाया पक्क्या खडकापर्यंत न्यावा लागतो. या कसोटीला निजामसागर उतरले. त्याच्या पाण्यावर निजामाबाद भागात भात व ऊस पिकू लागला आणि १९३७ मध्ये बोधनला साखर कारखाना निघाला.

भिंत टिकली, तरी जलाशय मात्र भरत गेला. वर्षाला सुमारे ५३० एकर-फूट गाळ येईल असा मूळ अंदाज होता. प्रत्यक्ष मोजणीत तो ८,७२५ एकर-फूट, म्हणजे सोळापटीहून अधिक निघाला. जवळपास ३० टीएमसीची साठवणक्षमता १९७३ पर्यंत सुमारे १२ टीएमसीवर आली. पुढे पाण्याची पातळी सुमारे ५ फुटांनी वाढवून ती १७.८ टीएमसीपर्यंत नेण्यात आली.

हा दोष एकट्या अभियंत्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. भारतातील जलाशयांच्या गाळाची पद्धतशीर मोजणी १९५० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. तुंगभद्रा धरणाच्या बाबतीतही वर्षाला ९,७९६ एकर-फूट गाळाचा अंदाज होता, मोजणीत ४१,०५८ एकर-फूट आढळला. दगडाचे वजन आणि पाण्याचा रेटा गणिताने काढता येत होता. परंतु वरच्या खोऱ्यात शेकडो गावांच्या नांगरटीतून, उघड्या माळांवरून किती माती वाहून येईल, हे धरणाच्या जागी उभे राहून कळण्यासारखे नव्हते. ते खोरे बहुतांशी त्याच संस्थानच्या मराठी व कन्नड मुलखात होते.

अली नवाज जंग यांचे निधन १९४९ मध्ये झाले. त्यांचा जन्मदिवस तेलंगणात २०१४ पासून अभियंता दिन म्हणून पाळला जातो. हा सन्मान योग्यच आहे. परंतु आपल्या वर्गात त्यांचे चरित्र केवळ गौरवगाथा म्हणून सांगितले, तर अर्धाच इतिहास पोहोचेल. ११ जुलैला फळ्यावर ५३० आणि ८,७२५ हे दोन आकडे लिहावेत आणि विद्यार्थ्यांना नकाशावर मांजरेचा उगम शोधायला सांगावे. कर्तबगार माणसाचा आदर राखूनही त्याच्या अंदाजाची चिकित्सा करता येते, ही गोष्ट त्यांना याच धड्यातून शिकता येईल.