मार्कडाउन

साध्या मजकुराच्या फाइलीत शीर्षके, याद्या, ठळक अक्षरे, दुवे इत्यादी दाखवण्यासाठी मोजकी चिन्हे वापरणारी हलकी मार्कअप भाषा. सॉफ्टवेअर प्रकल्पांची माहितीपत्रे लिहिण्यासाठी ती विशेष प्रचलित आहे. अमेरिकन लेखक जॉन ग्रुबर यांनी ती २००४ मध्ये प्रसिद्ध केली. रचनेत ॲरन स्वार्ट्झ यांचे साहाय्य होते. पर्ल भाषेत लिहिलेला मूळ रूपांतरक मजकुराचे एचटीएमएल बनवी.

तत्त्व व चिन्हे : रूपांतर न करताही फाइल सहज वाचता यावी, हे मार्कडाउनचे मुख्य सूत्र. ईमेलमध्ये शब्दावर जोर देण्यासाठी तारांकने आणि आधीच्या मजकुराच्या अवतरणासाठी ओळीपुढे > लिहिण्याची रूढी होती. तिलाच येथे नियमांचे रूप मिळाले. ओळीच्या आरंभी एक ते सहा # लिहून शीर्षकाची पातळी ठरते. शब्दाभोवती एक तारांकन तिरप्या अक्षरांसाठी, दोन ठळक अक्षरांसाठी असतात. कोड बॅकटिक चिन्हांत ठेवतात. रिकाम्या ओळीने नवा परिच्छेद सुरू होतो.

प्रकल्पांतील उपयोग : ‘रीडमी’ ही प्रकल्पाची ओळख करून देणारी फाइल बहुधा मार्कडाउनमध्ये असते. ती कोडशेजारीच राहते आणि गिटसारख्या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीत तिच्यातील बदल ओळीओळीने दिसतात. त्यामुळे कोडमधील दुरुस्ती आणि तिची माहिती एकाच वेळी लिहिता व तपासता येते. माहिती शिळी होऊ नये यासाठी याची मदत होते.

प्रमाणीकरण : मूळ वर्णनात उपयाद्यांसारख्या बाबी संदिग्ध राहिल्याने एकच फाइल निरनिराळ्या रूपांतरकांत वेगळी दिसे. त्यावर उपाय म्हणून २०१४ मध्ये ‘कॉमनमार्क’ हे काटेकोर विवरण पुढे आले. त्याच्याच आधारे गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळाने २०१७ मध्ये तक्ते व कार्ययाद्या असलेल्या आपल्या बोलीचे विवरण जाहीर केले.

मर्यादा : परस्परसंदर्भ, शब्दसूची यांची सोय मूळ मार्कडाउनमध्ये नाही. काही प्रकल्प इतर मार्कअप भाषा वापरतात : पायथनचे दस्तऐवज रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये, तर गिटचे ॲस्कीडॉकमध्ये लिहिले जातात.

मराठी मजकूर : युनिकोडमुळे देवनागरी लेखनास अडचण येत नाही. मात्र कॉमनमार्क क्रमांकित यादीसाठी फक्त इंग्रजी अंक ओळखते, ‘१.’ लिहिल्यास यादी बनत नाही आणि लागोपाठच्या ओळी एकाच परिच्छेदात मिसळतात. म्हणून फाइलीत इंग्रजी अंक लिहून पानावरील देवनागरी अंकांसाठी सीएसएस या वेबपानाच्या शैलीभाषेतील देवनागरी यादी-शैली योजावी लागते.