फ्लॅटहेडचा ताप

१९३२ साली हेन्री फोर्ड यांनी सामान्य गिऱ्हाइकाला परवडेल अशा मोटारीत ‘फ्लॅटहेड’ म्हणून ओळखले जाणारे ६५ अश्वशक्तीचे व्ही-८ एंजिन बसविले, आणि त्याचा ठोकळा एकसंध ओतण्याचे जे कौशल्य त्यांच्या कारखान्याने साधले, त्याच रचनेत उष्णतेच्या तक्रारीचे बीजही रोवले गेले. कारण जळालेल्या वायूंचे मार्ग ठोकळ्याच्या पोटातून, पाण्याच्या कप्प्यांमधून काढलेले असल्याने त्यांची उष्णता त्या पाण्यातच उतरत असे. आरंभीचे पंप हेडांवर बसवलेले असून ते तापलेले पाणी ओढीत. १९३७ साली ते ठोकळ्याच्या पुढील अंगास आणून थंड पाणी आत ढकलण्याची तजवीज झाली.

दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुणांनी मुरॉकच्या कोरड्या सरोवरावर वेग आजमावण्यासाठी याच एंजिनांचे सिलिंडर रुंद केले, तेव्हा शक्तीबरोबर उष्णताही वाढली आणि भिंती पातळ झाल्या. पुढील पिढ्यांनी ॲल्युमिनियमचे रेडिएटर, विजेचे पंखे व त्यांभोवतीची आवरणे आणि दाबाची झाकणे यांचा बंदोबस्त केला. दर चौरस इंचास एक पौंड दाब वाढला, की पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे दीड अंश सेल्सिअसने चढतो.

परंतु ठोकळ्यात ओतकामाची वाळू आणि गंज साचून राहिला असेल, तर हा सारा खर्च व्यर्थ होय. जुन्या यंत्राचा जीर्णोद्धार करणाऱ्याने नवे भाग विकत घेण्यापूर्वी ते जलमार्ग स्वच्छ करावेत, हेच या इतिहासाचे सांगणे आहे.