हर्शीची चॉकलेटं अडकली कुठे?
आमच्या गो-लाइव्हला पंधरा दिवस उरलेत आणि स्टोअरमधले काका अजून वहीतच लिहितायत. मीटिंगमध्ये सगळे त्यांच्यावर वैतागले. मला मात्र १९९९ सालची हर्शी आठवली. अमेरिकेतल्या या चॉकलेट कंपनीने सुमारे ११.२ कोटी डॉलर ओतून सॅप वगैरे बसवलं. चार वर्षांचं काम अडीच वर्षांत उरकून, तेही ऐन हॅलोविनच्या तोंडावर, जुलैमध्ये सुरू केलं. माल तयार, तरी जवळपास १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी रखडल्या! त्यातलं एक कारण तर भारीच. सीझनला जादा माल भाड्याच्या गोदामांत, कारखान्यातल्या रिकाम्या खोल्यांत ठेवायची तिथे जुनी पद्धत. या जागा माणसांना पाठ होत्या, पण सिस्टिममध्ये कुणी भरल्याच नव्हत्या. सोमवारी चहा घेऊन काकांच्या वहीपाशी बसणार आहे.