पिकॅडिली सर्कस : चौकाखालचे स्थानक

लंडनमधील पिकॅडिली सर्कस या चौकाचे भुयारी रेल्वे स्थानक १९०६ मध्ये दोन टप्प्यांत सुरू झाले. मार्चमध्ये बेकर्लू आणि डिसेंबरमध्ये पिकॅडिली मार्गाच्या गाड्या तेथे थांबू लागल्या, आणि लेस्ली ग्रीन या वास्तुरचनाकाराच्या गडद लाल, झिलईदार फरशांच्या इमारतीतून प्रवासी लिफ्टने फलाटांवर उतरू लागले. १९०७ मधील सुमारे १५ लाख प्रवाशांची संख्या १९२२ पर्यंत १ कोटी ८० लाखांवर गेली, तेव्हा लिफ्टऐवजी अखंड चालणारे सरकते जिने बसवणे अटळ ठरले. मात्र दाटीवाटीच्या चौकात इमारत वाढवण्यास जागाच नसल्याने तिकीटगृह रस्त्याखाली नेण्याचे ठरले. त्यासाठी १९२५ साली चौकातील ईरॉस नावाने ओळखला जाणारा पुतळा हलवून त्याच्या जागी शाफ्ट, म्हणजे विहिरीसारखा उभा खड्डा, खणण्यात आला आणि, या कामाचे असामान्य कौशल्य यातच दिसते, वरची वाहतूक चालू ठेवून खाली विस्तीर्ण पोकळी कोरण्यात आली. चार्ल्स होल्डन यांनी रचलेले हे गोलसर दालन डिसेंबर १९२८ मध्ये खुले झाले. ट्रॅव्हर्टाइन या फिकट, सच्छिद्र चुनखडी दगडाने मढवलेल्या भिंती, कडेने दुकानांच्या काचा आणि फलाटांकडे नेणारे एकूण ११ सरकते जिने असे त्याचे रूप होते. जमिनीवरील जुनी इमारत १९२९ मध्ये प्रवाशांसाठी बंद झाली.