अणूचा खरा क्रमांक

मूलद्रव्याची ओळख कशावरून पटवायची? एकोणिसाव्या शतकातले रसायनशास्त्रज्ञ सांगत, वजनावरून. मेंडेलीव्हने १८६९ साली आपला तक्ता मांडला, तो अणुभाराच्या चढत्या क्रमाने. पण हे गणित काही ठिकाणी बसेना. कोबाल्ट निकेलपेक्षा किंचित जड भरले, आणि गुणधर्म पाहावेत तर त्याची जागा निकेलच्या आधी! मग खरे काय, वजन की जागा?

१९११ साली रदरफोर्डने दाखवले की अणूच्या मध्यभागी धन विद्युतभाराचा एक अतिसूक्ष्म गर्भ असतो. त्याच सुमारास व्हान डेन ब्रूक नावाच्या एका डच वकिलाने (हो, वकिलानेच!) सुचवले की तक्त्यातला अनुक्रमांक म्हणजेच गर्भावरील भाराचा आकडा असावा. कल्पना नामी, पण पुरावा?

तो दिला हेन्री मोझ्ली या पंचविशीतल्या तरुणाने. १९१३ साली मँचेस्टरला त्याने एका निर्वात नळीत रुळांवर चिमुकली गाडी बसवली, तिच्यावर निरनिराळ्या धातूंचे तुकडे ठेवले. मासे धरायच्या रेशमी दोरीने गाडी ओढायची, एकेक तुकडा इलेक्ट्रॉनांच्या झोतासमोर आणायचा आणि त्यातून निघणारे क्ष-किरण मोजायचे. त्यांच्या कंपनसंख्येचे वर्गमूळ काढले, तर ते दर मूलद्रव्यामागे सारख्याच पायरीने चढत होते. कोबाल्ट २७, निकेल २८. वजनाचा वाद तिथेच मिटला.

हा आकडा म्हणजे गर्भातल्या प्रोटॉनांची संख्या. प्रोटॉन हे नाव मागाहून, १९२० साली आले. अणू एकंदरीत विद्युतभाररहित, म्हणून गर्भाबाहेर इलेक्ट्रॉनही तितकेच. पण संख्या सारखी असली तरी दोघांचा मान सारखा नाही, बरे का! रासायनिक देवघेव सगळी इलेक्ट्रॉनांची. सोडियमचे प्रोटॉन ११. मिठात त्याचा एक इलेक्ट्रॉन क्लोरीनकडे गेलेला असतो, उरतात १०, तरी सोडियम तो सोडियमच. प्रोटॉन एक वाढला की मात्र सोडियम संपले, मॅग्नेशियम झाले.

पुढच्या मोजणीत ४३, ६१ आणि ७५ या जागा रिकाम्या राहिल्या. तिथे मूलद्रव्ये असलीच पाहिजेत, असे मोझ्लीने १९१४ मध्ये सांगून टाकले. त्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि तो आपण होऊन सैन्यात गेला. १० ऑगस्ट १९१५ रोजी गॅलिपोलीच्या रणांगणावर तो मारला गेला, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. ७५ वी जागा १९२५ साली ऱ्हेनियमने भरली, ४३ वी १९३७ साली टेक्नेशियमने. ६१ वे प्रोमेथियम हाती यायला १९४५ साल उजाडले.